कळ कुठून निघाली, कुठे थांबली? : अपेंडिक्स ओळखायला माणूस कसा शिकला

(हे या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना होणारी पुनरुक्ती काढून टाकली आहे, बाकी मजकूर जसा बोललो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं की युद्धं आणि तह पुष्कळ झाले, आता जरा घरातला इतिहास सांगा. म्हणून आज पोटदुखीचा इतिहास. हसू नका. गंभीर गोष्ट आहे, आणि ती मला माझ्या आजीपासून सुरू करावी लागणार आहे.

माझ्या आजीला एक धाकटा भाऊ होता. चौदा वर्षांचा असताना तो गेला. साल १९५० च्या आसपासचं, गाव सातारा जिल्ह्यातलं, पक्क्या रस्त्यापासून लांब. आजी ही गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगायची. पहिल्या दिवशी पोरगा जेवला नाही. बेंबीपाशी दुखतंय म्हणाला, एकदा ओकला. कोणी म्हणालं वाटी सरकली, कोणी म्हणालं नळ भरले. ओवा दिला, हिंग लावला, पोट चोळलं. रात्री एरंडेल दिलं. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला हात लावू देईना, उजवा पाय पोटाशी घेऊन पडून राहिला. अंगात ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखायचं एकदम कमी झालं. आजीची आई म्हणाली, "उतरली बाई कळ." घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, देवापुढे नारळ फोडला. त्याच संध्याकाळी पोट फुगलं, आणि चौथ्या दिवशी पोरगा गेला.

आजीच्या गोष्टीत मृत्यूचं कारण "पोटात कळ आली" एवढंच असायचं. मी लहानपणी ते ऐकून सोडून द्यायचो. वैद्यकाचा इतिहास वाचायला लागलो आणि एका पुस्तकात लक्षणांची यादी समोर आली, त्याच क्रमाने, तेव्हा पुस्तक बंद करून जरा वेळ गप्प बसलो. आजीला क्रम तोंडपाठ होता. फक्त त्या क्रमाला नाव आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तर आजचा प्रश्न असा. हा क्रम माणसाने ओळखला केव्हा? आणि इतका उशीर का लागला?

अवयव माहीत होता, आजार नव्हता

आधी शरीराचं थोडं बघू. छोटं आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे मोठ्या आतड्याची एक पिशवीसारखी सुरुवात असते, तिला सीकम म्हणतात. त्या पिशवीला खाली एक बारीक शेपूट लटकलेलं असतं, साधारण करंगळीएवढं किंवा थोडं लांब. आत पोकळ, पण एका टोकाला बंद. हेच अपेंडिक्स. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला आंत्रपुच्छ म्हणतात, आणि शब्द चांगला आहे, कारण ते खरोखर आतड्याचं पुच्छच आहे.

हे पुच्छ शरीररचनेच्या अभ्यासकांना सोळाव्या शतकापासून माहीत होतं. व्हेसॅलियसच्या १५४३ च्या प्रसिद्ध ग्रंथातल्या चित्रांत ते आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी युरोपात याचं चित्र छापून आलेलं होतं. पण चित्र काढता येणं वेगळं आणि हा अवयव माणसाला मारू शकतो हे कळणं वेगळं.

अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद १७३५ ची, लंडनची. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अम्यांड नावाचा सर्जन होता. त्याच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला हर्निया होता आणि त्या जागी सतत वाहणारी एक जखम होती. अम्यांडने उघडून पाहिलं तर हर्नियात अपेंडिक्स उतरलेलं, आणि त्याला एका टाचणीने भोक पाडलेलं. मुलाने कधीतरी टाचणी गिळली होती. अम्यांडने अपेंडिक्स काढलं आणि मुलगा वाचला. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, आणि तरी वाचला.

पण गंमत बघा. अम्यांडला हे सापडलं, ओळखता आलं नव्हतं. तो हर्निया दुरुस्त करायला गेला होता. त्याने जे पाहिलं त्यावरून कोणी असं म्हटलं नाही की उजव्या कुशीत दुखणाऱ्या हजारो माणसांना हाच आजार असेल. पुढची दीडशे वर्षं वैद्यक त्या दारावरून जा-ये करत राहिलं, आत मात्र कोणी डोकावलं नाही.

मोठ्या माणसाचं मत

का डोकावलं नाही, याचं एक कारण फार मानवी आहे.

१८२७ साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा मेलिए नावाच्या डॉक्टरने काही मृतांची शवविच्छेदनं समोर ठेवून सांगितलं की या लोकांचं मूळ दुखणं अपेंडिक्समध्ये होतं. बरोबर सांगत होता. पण त्या काळी पॅरिसच्या शल्यवैद्यकावर गियोम द्यूपुईत्राँ या माणसाचं राज्य होतं. त्याचं मत असं की उजव्या बाजूचा हा पू सीकमच्या आसपास सुरू होतो, अपेंडिक्स बिचारं मधे सापडतं. मोठा माणूस बोलला, विषय संपला. पुढे या आजाराला नाव मिळालं ते सीकमवरून, टिफ्लायटिस आणि पेरिटिफ्लायटिस. नाव चुकलं की नजरही चुकते. पुढची जवळजवळ साठ वर्षं डॉक्टर उजव्या कुशीत बघत होते, पण चुकीच्या अवयवाकडे.

आणि उपचार काय? अफू. आतडं शांत करायचं, दुखणं दाबायचं, वाट बघायची. काही जण जुलाब द्यायचे, काही जण जळवा लावायचे. ज्यांचा पू आपोआप एका जागी गोळा होऊन राहिला ते वाचायचे. ज्यांचा पोटभर पसरला ते जायचे.

मला यात डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत. १८४६ पर्यंत ईथरची भूल नव्हती, लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचं काम मांडलं ते १८६७ ला. पोट उघडणं म्हणजे जवळजवळ मृत्यूलाच आमंत्रण. ज्या आजारावर काही करताच येत नाही तो लवकर ओळखून काय करायचं? ओळखण्याची घाई तेव्हाच सुरू होते जेव्हा हातात उपाय येतो. इतिहासात हे परत परत दिसतं, फक्त वैद्यकात नाही.

१८८६ : एक शब्द

उपाय हातात आला होता, शब्द यायचा होता. तो आला जून १८८६ मध्ये, अमेरिकेत, वॉशिंग्टनला. अमेरिकी वैद्यांच्या एका नव्या संघटनेची पहिलीच बैठक होती. तिथे हार्वर्डचा रेजिनाल्ड फिट्झ उभा राहिला. तो सर्जन नव्हता, विकृतिशास्त्राचा माणूस. म्हणजे ज्याच्याकडे पेशंट मेल्यावर येतात तो.

फिट्झने काय केलं? अपेंडिक्स फुटून झालेल्या आजाराची २५७ प्रकरणं गोळा केली. शेजारी टिफ्लायटिस आणि पेरिटिफ्लायटिस म्हणून नोंदवलेली २०९ प्रकरणं ठेवली. आणि दोन्हींची लक्षणं ताडून दाखवली. दोन आजार नव्हतेच ते. एकच होता, आणि त्याचा उगम अपेंडिक्समध्ये होता. त्याने नाव दिलं अपेंडिसायटिस. लॅटिन शब्दाला ग्रीक शेपूट जोडलेलं.

फिट्झच्या निबंधाच्या शीर्षकातच लवकर निदान हे शब्द होते. त्याचं म्हणणं होतं की तीव्र दुखणं सुरू झाल्यावर चोवीस तासांनी पोटातला दाह पसरताना दिसत असेल आणि रोगी खालावत असेल, तर ताबडतोब ऑपरेशनचा विचार करा. चोवीस तास! आजीच्या भावाच्या हिशेबात तो दुसऱ्या दिवसाचा सकाळचा वेळ. उजव्या बाजूला हात लावू देत नव्हता तो.

एक बोट, एक रेषा

आता शवागारातून पलंगापाशी येऊ. मेलेल्या माणसात आजार ओळखणं फिट्झने शिकवलं. जिवंत माणसात, पोट न उघडता, तो कसा ओळखायचा?

न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉस्पिटलमध्ये चार्ल्स मॅकबर्नी नावाचा सर्जन होता. १८८९ साली त्याने लिहिलं की एका बोटाने दाबून पाहिलं तर सगळ्यात जास्त दुखणारी जागा ठरलेली असते. कमरेच्या हाडाचा पुढे आलेला उंचवटा, जो आपल्याला कमरपट्ट्याखाली हाताला लागतो, तिथून बेंबीपर्यंत सरळ रेषा काढा. त्या रेषेवर हाडापासून दीड ते दोन इंचांवर ती जागा. आज जगातला प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी तिला मॅकबर्नीचा बिंदू म्हणतो.

मला यातलं एक बोट फार आवडतं. पूर्ण तळवा नाही. तळव्याने दाबलं तर सगळंच पोट दुखतं, आणि सगळंच दुखतंय म्हटलं की काहीच कळत नाही.

त्याच काळात शिकागोला जॉन मर्फी होता. नाटकी स्वभावाचा, वाद घालणारा, सहकाऱ्यांना फारसा न आवडणारा माणूस. १९०४ साली त्याने अपेंडिक्सच्या दोन हजार ऑपरेशन्सचा अनुभव लिहिला. मॅकबर्नीने जागा सांगितली होती, मर्फीने क्रम सांगितला. आधी दुखणं. मग मळमळ आणि उलटी. मग उजव्या बाजूला हात लावल्यावर दुखणं. मग ताप. आणि मर्फी म्हणायचा की हा क्रम बदलला तर मला निदानाचीच शंका येते. उलट्या आधी आणि दुखणं नंतर असेल, तर बहुतेक पोट बिघडलेलं आहे, दुसरं काही शोधा.

हा क्रम असाच का? यामागचं कारण समजलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. अपेंडिक्सचं तोंड बंद होतं, बहुतेकदा आत अडकलेल्या घट्ट मळाच्या खड्याने किंवा सूज आल्याने. आत द्रव साचतो, दाब वाढतो, ते फुगतं. आतड्यांच्या आतल्या नसा जागा नीट सांगत नाहीत. या भागाच्या नसा मणक्यात जिथे पोचतात तिथेच बेंबीभोवतालच्या कातडीच्या नसाही पोचतात. म्हणून मेंदूला वाटतं बेंबीपाशी दुखतंय. हे दुखणं मोघम असतं, माणूस पूर्ण तळवा पोटावर फिरवून दाखवतो. काही तासांनी सूज अपेंडिक्सच्या बाहेर येते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसा मात्र जागा अचूक सांगतात. आता माणूस एका बोटाने दाखवतो, इथे. उजवीकडे, खाली.

म्हणजे कळ जागा बदलते. तिचा हा प्रवासच सगळ्यात मोठी खूण आहे. "कुठे दुखतंय" एवढं विचारून भागत नाही. "आधी कुठे दुखत होतं" हे विचारावं लागतं.

आणि तिसऱ्या दिवशीची ती सकाळ? फुगलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला दाब एकदम उतरतो. दुखणं काही वेळ खरोखर कमी होतं. मग आतला पू आणि घाण पोटात पसरते. "उतरली बाई कळ" हे वाक्य सातारा जिल्ह्यात एकदाच नाही, जगभर किती घरांत आणि किती भाषांत म्हटलं गेलं असेल, विचार करा.

राजाचं पोट आणि कोल्हापूर

सामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द आला तो मात्र एका राजामुळे.

२६ जून १९०२ ला लंडनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता. जगभरचे राजेरजवाडे येऊन थांबलेले. समारंभाच्या आधी दोनेक आठवडे राजाचं पोट दुखायला लागलं. साठ वर्षांचा, स्थूल माणूस. समारंभ पुढे ढकलायला तो अजिबात तयार नव्हता. २३ जूनला तशा अवस्थेत तो विंडसरहून लंडनला आला.

त्याला तपासणारा सर्जन होता फ्रेडरिक ट्रीव्हज. त्यानेच पूर्वी जोसेफ मेरिकला, म्हणजे ज्याला लोक एलिफंट मॅन म्हणायचे त्याला, आसरा मिळवून दिला होता. ट्रीव्हज या आजाराचा ब्रिटनमधला मोठा जाणकार. आणि दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, त्याची स्वतःची मुलगी याच आजाराने गेली होती. त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर. वेळ निघून गेली की काय होतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

२४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच ऑपरेशन झालं. ट्रीव्हजने पुवाचा गळू फोडून पू काढला. अपेंडिक्स काढलंच नाही, तेवढ्यावर थांबला. राजा वाचला आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. गंमत म्हणजे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा या अक्षरांचा भाग १८८० च्या दशकातच छापून झाला होता आणि त्यात हा शब्दच नव्हता. आणि आता तो प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर.

आपल्याकडचा एक धागा इथे जोडायलाच हवा. त्या राज्याभिषेकासाठी गेलेल्या पाहुण्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज होते. त्याच इंग्लंडच्या मुक्कामाच्या काळात, २६ जुलै १९०२ ला, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. एडवर्डच्या अपेंडिक्सचा आणि त्या आदेशाचा कार्यकारणसंबंध मी लावत नाही, लावूही नये. पण तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं, लंडनमध्ये राजाची जखम भरत होती त्याच आठवड्यांत कोल्हापूरच्या गॅझेटमध्ये आपल्या इतिहासातला एक मोठा कागद छापला जात होता.

एरंडेल

आता जरा कडू विषय. एरंडेल.

पोट दुखतंय म्हणजे पोट साफ नाही, ही समजूत आपल्यापुरती नाही. युरोप-अमेरिकेतही पोटदुखीवर पहिला घरगुती उपाय कॅस्टर ऑइलच होता. शिकागोच्या अल्बर्ट ऑक्सनर या सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं की अशा रोग्याला तोंडाने काही देऊ नका, जुलाब तर नाहीच. कारण साधं आहे. जुलाबाने आतडं जोराने आकुंचन पावतं. बंद तोंडाच्या, फुगलेल्या, सडायला लागलेल्या नळीवर तो जोर पडला की ती फुटायची शक्यता वाढते. १९३० च्या दशकात अमेरिकेत यासाठी लोकांमध्ये प्रचार करावा लागला, की पोटात दुखत असताना जुलाब घेऊ नका.

हे वाचताना मला आजीच्या आईचं काय झालं असेल असं वाटलं. तिने आपल्या पोराला प्रेमाने, आपल्याला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय दिला होता. बरं झालं तिला हे कधी कळलं नाही. मी आजीलाही सांगितलं नाही.

आपल्याच पोटावर हात

कळीचा प्रवास म्हणजे काय हे ज्याने स्वतःच्या अंगावर नोंदवलं असा एक माणूस आहे. लिओनिद रोगोझोव्ह, वय २७, सोव्हिएत डॉक्टर. साल १९६१, जागा अंटार्क्टिका, नोव्होलाझारेव्हस्काया तळ. बाराएक माणसांत हा एकटाच डॉक्टर.

२९ एप्रिलला सकाळी त्याला अशक्त वाटायला लागलं, मळमळलं. मग पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं. मग ते दुखणं उजवीकडे खाली सरकलं. ताप चढला. मर्फीने साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं पान जणू. त्याला निदान करायला कोणी लागलं नाही. हिवाळा, वादळ, विमान नाही, जहाज कित्येक महिन्यांनी येणार. ३० एप्रिल आणि १ मे च्या मधल्या त्या रात्री त्याने जागेवर भूल दिली आणि स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. एकाने आरसा आणि दिवा धरला, दुसऱ्याने अवजारं दिली. आरशात सगळं उलटं दिसत होतं म्हणून बराचसा भाग त्याने हाताच्या स्पर्शाने केला. पावणेदोन तास लागले. बाहेर काढलेल्या अपेंडिक्सच्या बुडाशी काळा डाग होता, म्हणजे एखाद्या दिवसात ते फुटलं असतं.

लोक या गोष्टीतल्या धैर्याबद्दल बोलतात, आणि ते आहेच. मला मात्र त्याच्या आदल्या दिवसाचं कौतुक वाटतं. स्वतःच्या पोटदुखीला त्याने उगाच काहीतरी म्हणून टाळलं नाही.

याच्या उलट उदाहरण हॅरी हुदिनी. साखळ्यांतून सुटणारा जगप्रसिद्ध जादूगार. ऑक्टोबर १९२६ मध्ये पोट दुखत असताना, ताप असताना तो दौरा करत राहिला, डेट्रॉइटला स्टेजवर उभाही राहिला. अपेंडिक्स फुटलेलं होतं. ३१ ऑक्टोबरला गेला.

गुण मोजणं, आणि स्पीडब्रेकर

आज इमर्जन्सी विभागात काय होतं? १९२१ साली इंग्लंडच्या झकारी कोपने तीव्र पोटदुखीच्या लवकर निदानावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. त्यातला एक साधा नियम असा, की आधी धडधाकट असलेल्या माणसाचं पोट जोरात दुखायला लागलं आणि ते सहा तासांहून जास्त टिकलं, तर सर्जनने बघण्यासारखं काही असू शकतं असं धरून चाला.

१९८६ साली, म्हणजे फिट्झच्या बरोबर शंभर वर्षांनी, फिलाडेल्फियाच्या अल्फ्रेडो अल्वाराडो याने ३०५ रोग्यांच्या अभ्यासावरून दहा गुणांची पद्धत काढली. कळ सरकली, एक गुण. भूक गेली, एक. मळमळ-उलटी, एक. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं, दोन. हात झटकन काढल्यावर दुखणं, एक. ताप, एक. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, दोन. त्या पेशींतल्या कोवळ्या पेशींचं प्रमाण वाढलेलं, एक. बघा, दहापैकी सात गुण डॉक्टर यंत्राशिवाय, प्रश्न विचारून, हात लावून आणि थर्मामीटरने देऊ शकतो. त्याच वर्षी हॉलंडच्या पाउलार्टने सोनोग्राफीने अपेंडिक्स कसं बघायचं ते दाखवलं, पुढे सीटी स्कॅन आला. त्याआधी काढलेल्या दर पाच-सहा अपेंडिक्सपैकी एखादं निरोगी निघायचं आणि सर्जन ते मान्य करायचे, कारण एखादं फुटू देण्यापेक्षा ते बरं.

आणि एक अभ्यास आपल्या रस्त्यांसाठीच केल्यासारखा आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी रोग्यांना विचारलं, दवाखान्यात येताना स्पीडब्रेकरवरून गाडी गेली तेव्हा जास्त दुखलं का? ज्या ३४ जणांना अपेंडिसायटिस असल्याचं नंतर पक्कं झालं त्यातल्या ३३ जणांनी हो म्हटलं होतं. दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असं नाही, ते इतर कारणांनीही दुखतं. पण अजिबात दुखलं नसेल तर शक्यता बरीच कमी होते. पोटाच्या अस्तराला सूज असली की प्रत्येक हिसका लागतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. आपल्याकडे रिक्षाने दवाखान्यात गेलेल्या माणसाला ही तपासणी फुकटात होते.

आता तर काही रोग्यांना फक्त अँटिबायोटिक देऊनही बरं करता येतं. फिनलंडच्या २०१५ च्या अभ्यासात असे उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना नाही. पण ते सीटी स्कॅनने खात्री करून, न फुटलेल्या अपेंडिक्ससाठी, हॉस्पिटलमध्ये. घरच्या घरी मेडिकलमधून गोळ्या आणून नव्हे.

शेवटी

इतिहासाचा कार्यक्रम आहे, दवाखाना नाही, तरी हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, भूक मेली, चालताना, खोकताना, हिसका बसल्यावर कळ येते, बारीक ताप आहे, तर सकाळची वाट बघू नका. जुलाब नको, एरंडेल नको, पोट चोळणं नको, गरम पिशवी नको. खायला-प्यायला न देता हॉस्पिटल गाठा, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. लहान मुलांत, म्हाताऱ्या माणसांत आणि गरोदर बाईत हा क्रम नेहमी असा सरळ नसतो, म्हणून तिथे तर जास्तच सावध राहा. तरुण बाईचं उजवीकडे दुखत असेल तर नळीत राहिलेला गर्भ किंवा पीळ बसलेलं अंडाशयही असू शकतं, तेही तितकंच घाईचं. आणि जोरात दुखणारं पोट अचानक शांत झालं, पण माणूस मलूल दिसतोय, तर नारळ नंतर फोडा.

आजीचा भाऊ अपेंडिक्सनेच गेला का? शवविच्छेदन झालं नाही, कागद नाही, त्यामुळे खात्रीने मी बोलू शकत नाही. पण फिट्झच्या निबंधाला तेव्हा साठाहून जास्त वर्षं झाली होती. ज्ञान वॉशिंग्टनहून निघालं होतं, लंडनच्या राजवाड्यात सोळा वर्षांत पोचलं होतं. आमच्या वाडीपर्यंतचा रस्ता मात्र कच्चा होता.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिने ती गोष्ट दर वेळी त्याच क्रमाने सांगितली, एक तपशील न गाळता. आधी जेवला नाही, मग बेंबीपाशी, मग उजवीकडे, मग ताप, मग कळ उतरली. एखाद्या चांगल्या डॉक्टरने केस लिहावी तशी. म्हणून ती आज तुमच्यापर्यंत पोचली. तुमच्या घरातही अशी "पोटात कळ येऊन गेला" म्हणून सांगितली जाणारी एखादी गोष्ट असेल, तर ती म्हाताऱ्या माणसांकडून एकदा नीट, क्रमाने ऐकून घ्या.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.